निमतानदाराची चित्रं : एका कॅटलॉगचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या एका चित्रकाराचं आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे बापू म्हणू. त्या भागात घरटी एक बापू असतोच, त्यामुळे कुणाला शोधायला जाऊन उपयोग नाही. प्रदर्शनाच्या कॅटलॉगचा मजकूर लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं होतं, म्हणून बहुतेक बैठकांना मी हजर होतो.

बापूंचं वय तेव्हा छप्पन्न. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागले, चढत चढत निमतानदार झाले. ज्यांच्या नावावर कधी शेत नव्हतं त्यांच्यासाठी सांगतो. बांधावरून भांडण झालं की शेतकरी पैसे भरून मोजणी मागतो. भूकरमापक येऊन मोजतो, हद्दीच्या खुणा दाखवतो. ती मोजणी पटली नाही तर अपिलात पुन्हा मोजतात, तिला निमताना मोजणी म्हणतात. म्हणजे बापूंची हयात एकमेकांकडे न बघणाऱ्या दोन भावांच्या मधोमध उभं राहण्यात गेली.

चित्रकलेचं म्हणाल तर शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षा, आणि त्यानंतर तालुक्याच्या एका बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडे संध्याकाळी बसून शिकलेलं अक्षर. कला महाविद्यालयाची पायरी चढलेले नाहीत. पण गेली पंधराएक वर्षं ते हातकागदावर शाई आणि जलरंगात एकाच प्रकारची चित्रं काढत आले आहेत. दुरून पाहिलं तर तपकिरी, राखी, कधी ओल्या काळ्या रंगाचे पट्टे. जवळ गेलं की त्यावर केसाएवढ्या बारीक रेषा, रेषांना काटकोनात फुटलेल्या आखूड रेषा, आणि मुंगीएवढे आकडे. गाव नकाशासारखं दिसतं, पण असं गाव कुठेच नाही.

कोल्हापुरातल्या एका समूह प्रदर्शनात मुंबईच्या एका गॅलरीच्या मालकीणबाईंनी ही चित्रं पाहिली आणि एकल प्रदर्शन करायचं ठरलं. चोवीस चित्रं, कॅटलॉग, आणि समाजमाध्यमांसाठी तीन मिनिटांची एक फिल्म.

दिवस कसा जातो

पुढचा सगळा घोळ समजायला बापूंचा दिवस माहीत असायला हवा.

ते साडेचारला उठतात. मागच्या अंगणात पत्र्याची खोली आहे. मार्च उजाडला की दहानंतर तिथे बसवत नाही, म्हणून पहाट. पाच ते साडेसात चित्र. सूर्य वर येईपर्यंत फक्त शाईच्या रेषा, रंगाला हात नाही, कारण ट्यूबलाइटच्या निळसर उजेडात तपकिरी रंग फसवतात, असं त्यांचं म्हणणं. ऊन आलं की रंग. रेडिओवर आकाशवाणी सांगली लावलेली असते. शेतीचा कार्यक्रम असो की अभंग, त्यांना फरक पडत नाही. साडेसातला टाक धुऊन, रंगाच्या ट्यूबांची टोपणं घट्ट लावून, अंघोळ, भाकरी-आमटी आणि स्कूटरवरून कचेरी.

संध्याकाळी चित्र नाही. भाजी आणणं, चौकात गप्पा, रात्री बायकोबरोबर मालिका. रविवारी तर अजिबातच नाही, कारण रविवारी पाहुणे येतात. ‘संडे पेंटर’ असं त्यांना कुणी म्हटलं असतं तर तांत्रिकदृष्ट्याही ते खोटं ठरलं असतं.

वर्षाचाही एक हिशेब आहे. उन्हाळ्यात रानं मोकळी होतात, तेव्हा मोजणीची झुंबड. त्या दिवसांत ते पहाटेचा एखादाच तास बसू शकतात. पावसाळ्यात पिकं उभी म्हणून बाहेरचं काम कमी आणि कचेरीतलं जास्त, वेळ बरा मिळतो, पण कागद ओल धरतो. हातकागदावर दिलेला रंग वाळता वाळत नाही, कडांना बुरशीचे ठिपके येतात. तेव्हा ट्रंकेत एक बारका बल्ब चालू ठेवून त्यात कागद कोरडे राखायचे आणि टाकाने छोटी कामं करायची. मोठी चित्रं दिवाळी ते शिमगा एवढ्याच काळात होतात. कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा. मुलगी पुण्यात शिकते, ती येताना आणते.

आवडीनिवडी

खोलीच्या भिंतीवर रघुवीर मुळगावकरांचं देवादिकांचं एक जुनं कॅलेंडर आहे. पानं केव्हाच संपली, चित्र ठेवलंय. बापूंच्या मते त्या चित्रातल्या दागिन्यांवरचा उजेड ‘एकदम बरोब्बर जागी’ आहे आणि ते कुणाशीही त्यावर वाद घालायला तयार असतात. जुन्या पिढीतले चित्रकार म. वि. धुरंधर, त्यांची रेषा आवडते. प्रभाकर बरवे फार आवडतात; २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा रजा टाकून गेले होते. बाकी कुस्तीची मैदानं, क्रिकेटची कॉमेंट्री आणि जयसिंगपूरचा भडंग.

नावडीच्या यादीत पहिला शब्द ‘मूड’. ‘मोजणीला मूड लागत नाही, याला का लागावा?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कला महाविद्यालयातली केस बांधणारी, हातात कडं घालणारी मुलंही त्यांच्या नावडीत बसायची. चहाच्या टपरीवरचे पिकासो, म्हणायचे. पोरांना रेघ मारता येत नाही आणि दाढी मात्र वाढवता येते, हे त्यांचं मत मी पहिल्याच भेटीत ऐकलं. त्यावर पुढे येतो.

अडचण कुठे सुरू झाली

फोटोग्राफर आला त्या दिवशी. त्याला मुंबईहून सूचना होत्या. बापू नेहमीप्रमाणे लुंगी, बनियन आणि वर खात्यातला जुना खाकी शर्ट घालून बसले होते. त्यांना खादीचा कुर्ता दिला, त्यावर आधीच रंगाचे डाग पाडून आणलेले. मग जमिनीवर बसायला सांगितलं आणि भोवती ट्यूबा टोपणं काढून पसरल्या. बापूंनी कुर्ता घातला, जमिनीवरही बसले, पण प्रत्येक फोटोच्या मधे हात लांब करून एकेक टोपण लावून टाकायचे. त्या सत्रातल्या बऱ्याचशा फोटोंत त्यांची नजर कुठल्याशा उघड्या ट्यूबकडे लागलेली आहे.

मुळगावकरांचं कॅलेंडर काढायला सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी नाही म्हटलं.

आठवड्याभरात गॅलरीचा मसुदा आला. मला तो ‘भाषा नीट करायला’ पाठवला होता. त्यात बापू नोकरीचं जोखड झुगारून मातीच्या हाकेला ओ देणारे एकांतवासी होते. रात्र रात्र जागून, तहानभूक विसरून चित्रं काढत होते. आणि चित्रांतले बारीक आकडे म्हणजे ‘दुभंगलेल्या भूमीच्या वेदनेचे आकडे’ होते.

मी तो त्यांना फोनवर वाचून दाखवला. पलीकडे स्पीकर चालू असावा, कारण बापूंच्या आधी वहिनींचा आवाज आला. ‘भाऊजी, यांना एकांत? कोथिंबीर आणायला पाठवलं तर गावभर बोलून दीड तासानं येतात.’

बापूंना तिन्ही गोष्टी खटकल्या, पण त्यांनी धरून ठेवली ती आकड्यांची. चित्रांतले आकडे ना गट नंबर होते ना क्षेत्रफळं. खात्याच्या नकाशातला आकडा बाहेरच्या कागदावर उतरवायचा नाही हा त्यांनी स्वतःला घातलेला दंडक होता, कारण उद्या एखादा पक्षकार म्हणायचा की माझ्या वादाचा नकाशा यांनी विकला. मग आकडे हवेत तर कुठले? दुधाचा हिशेब आणि क्रिकेटचे स्कोअर. डाव्या कोपऱ्यातला ‘दीड, दीड, एक, दीड’ हा गवळ्याचा महिना होता.

दोन्ही बाजू

मालकीणबाईंना इथे खलनायिका करणं सोपं आहे आणि चुकीचं. त्या या धंद्यात वीस वर्षांहून जास्त आहेत, नव्या चित्रकारांचे पैसे वेळेवर देतात, आणि त्यांनी स्वतःचं म्हणणं आडपडदा न ठेवता मांडलं. गिऱ्हाईक आधी कानाने विकत घेतं, मग डोळ्याने, असं त्या म्हणाल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला सरकारी कर्मचारी पहाटे अडीच तास चित्रं काढतो, असं सांगितलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो : हौशी आहेत का? आणि हौशी म्हटलं की दर पडतो.

आपल्याकडे चित्राचा दर पुष्कळदा चौरस इंचावर ठरतो. एकांतवासी बापूंसाठी त्यांनी १०० रुपये इंच धरला होता. बापूंचा मोठा कागद २२ बाय ३० इंचांचा, म्हणजे ६६० चौरस इंच, ६६ हजार रुपये. नोकरदार बापूंसाठी त्या ६० च्या वर जायला तयार नव्हत्या. तोच कागद, ३९,६००. कमिशन दोन्हीकडे तेवढंच.

बापूंनी हा हिशेब ऐकला आणि खिशातलं पेन काढून टिपणवहीच्या कडेला काहीतरी मांडलं. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. चौरस फुटात १४४ चौरस इंच. ‘मॅडम, तुमच्या दरानं गुंठ्याला एक कोटी छप्पन्न लाख एक्क्याऐंशी हजार सहाशे होतात. आमच्या तालुक्यात हमरस्त्यालासुद्धा हा भाव नाही.’ बाई हसल्या, पण दर तोच ठेवला.

माझं निरीक्षण असं, की कलावंताच्या वेडेपणाच्या कल्पनेबद्दल आपण बोलतो ते बहुधा गैरसमज म्हणून. लोकांना कळत नाही, सिनेमाने बिघडवलं, वगैरे. या प्रकरणात ती कल्पना चौरस इंचामागे चाळीस रुपये कमावत होती. गैरसमज दूर करता येतो, पण चाळीस रुपये सोडा म्हणून कुणाला कसं सांगणार?

ही कल्पना जुनीही आहे. पॅरिसमधल्या पोटमाळ्यावर उपाशी राहून चित्रं काढणारा तरुण एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झाला. आपण त्याला झोळी दिली, दाढी दिली, थोडी दारू पाजली. पण आपलाच इतिहास त्याच्या बाजूचा नाही. धुरंधरांनी जे. जे. कला विद्यालयात एकेचाळीस वर्षं काढली. न. श्री. बेंद्रे बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला विभाग सांभाळत होते. बरवे तर हातमागाच्या कापडासाठी चालणाऱ्या सरकारी विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, आधी बनारसला, मग मुंबईला, आणि ती नोकरी चालू असतानाच त्यांच्या चित्रांची भाषा घडली. बापूंना बरवे इतके जवळचे का वाटतात, याचं एक कारण हेही असावं.

उलट बाजूला कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान, शाहू महाराजांच्या आश्रयातले. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले तेव्हा आबालालांनी आपली चित्रं कोटितीर्थ तलावात टाकून दिली, ही कथा त्या भागात पोराटोरांना माहीत आहे. बाईंनाही माहीत होती आणि त्यांनी ती बैठकीत काढली : बघा, लोकांना हेच लक्षात राहतं. बापू म्हणाले, ‘राहतं की. पण त्यांनी केलेली रंकाळ्याची, संध्यामठाची चित्रं किती जणांनी बघितल्यात ते विचारा.’

पुढे आलेले पर्याय

मसुदा आहे तसा जाऊ देणं हा पहिला पर्याय होता, आणि तो तुच्छतेने बाजूला सारण्याजोगा नव्हता. मुलीच्या शिक्षणाचं कर्ज होतं. पण बापू अजून नोकरीत होते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला कामात खोळंबा न करता प्रसंगोपात्त साहित्य-कलेचं काम करता येतं. मात्र ‘नोकरी झुगारली’ असं छापील कागदावर आलं असतं तर ते साहेबांच्या टेबलावर पोहोचायला दोन दिवस लागले नसते. आणि एकदा एकांतवासी झालं की पुढच्या प्रदर्शनातही एकांतवासीच राहावं लागतं.

चित्रं परत घेणं हा बापूंनी रागाच्या भरात काढलेला पर्याय. चोवीसपैकी सोळा चित्रांच्या फ्रेमा झाल्या होत्या, त्याचे पैसे गॅलरीने भरले होते. त्यावर फार वेळ गेला नाही.

मजकूरच नको, नुसती चित्रं लावा, हा त्यांचा सगळ्यात लाडका पर्याय होता. मला मात्र तो सगळ्यात फसवा वाटला. वासुदेव गायतोंडे बोलत नसत, थोडीच चित्रं करत, दिल्लीच्या निजामुद्दीन भागात एकटे राहत. त्या मौनाचीच केवढी मोठी गोष्ट झाली. त्यांचं एक चित्र २०१५ मध्ये मुंबईच्या लिलावात २९ कोटींवर गेलं तेव्हा बातम्यांतून चित्राइतकाच त्यांच्या एकटेपणाचा उल्लेख होता. माणूस बोलला नाही की बाकीचे त्याच्या वतीने बोलतात. बापूंच्या मौनाचा अर्थ मुंबईत कुणी ‘यांना सांगण्यासारखं काही नसेल’ असा लावला नसता. सरळ साधूच केलं असतं.

मग बाईंनी तडजोड सुचवली. खोटं काही लिहायचं नाही, फक्त नोकरीचा उल्लेख करायचा नाही. ऐकायला हे रास्त होतं आणि प्रकरण इथेच मिटू शकलं असतं. मी दोन दिवस तसा मजकूर लिहायचा प्रयत्न केला. जमेना, आणि कारण नैतिक नव्हतं. नोकरी वगळली की चित्रांतल्या रेषांबद्दल लिहिण्यासारखं काही उरतच नव्हतं. उरायचे ते ‘माती’, ‘मूळ’, ‘स्मृती’ असे कुठल्याही तपकिरी चित्राला लावता येणारे शब्द.

निर्णय कसा झाला

बाई फिल्मच्या उरलेल्या चित्रीकरणासाठी स्वतः आल्या. पहाटे साडेपाचला त्या पत्र्याच्या खोलीत उभ्या होत्या. बापू एक लांब रेषा ओढून तिच्या डाव्या-उजव्या बाजूला काटकोनात छोट्या रेषा काढत होते, आणि मग त्यांची टोकं जोडून एक वाकडीतिकडी कड तयार होत होती. बाईंनी विचारलं, कुठे वळायचं हे आधी ठरलेलं असतं का.

बापूंनी सांगितलं ते थोडक्यात असं. पूर्वी शेत शंकू आणि साखळीने मोजत. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ सारखे भाग, त्यांना आणे म्हणत. शेतातून एक सरळ रेषा धरायची, शंकूने काटकोन बघायचा, आणि बांध जिथे जिथे वळतो तिथपर्यंतचं अंतर डावीकडे-उजवीकडे लिहून घ्यायचं. बांध कसाही वेडावाकडा असो, तो सरळ रेषेपासूनच्या अंतरांनी पकडायचा. पुढे प्लेन टेबल आलं, मग इलेक्ट्रॉनिक यंत्रं, आता उपग्रहावर चालणारा रोव्हर. नव्या पोरांना साखळी ठाऊक नाही. ‘हातातली सवय जाईना, म्हणून कागदावर काढत बसतो.’

बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, ‘हे लिहा.’

म्हणजे मतपरिवर्तन झालं असं समजू नका. अटी होत्या. पहिल्या पानावर ‘छंद’, ‘फावला वेळ’, ‘सरकारी कर्मचारी’ हे शब्द येणार नाहीत. दर ८० रुपये इंच, म्हणजे मोठ्या कागदाला ५२,८००. आणि त्या बापूंना ‘बापूजी’ म्हणत, ते तसंच चालू राहिलं. बापूंना ते आश्रमातलं वाटायचं, पण त्यावर त्यांनी भांडण काढलं नाही.

प्रत्यक्ष काय केलं

बापूंनी कचेरीत लेखी कळवलं : अमुक तारखांना प्रदर्शन, रजेवर राहून हजर राहणार, विक्री झाल्यास उत्पन्न आयकर विवरणात दाखवणार. साहेबांनी पत्र नस्तीला लावलं आणि तुमच्या चित्रात आमची केबिन आहे का, एवढंच विचारलं.

कॅटलॉगमध्ये पहिलं पान मोजणीच्या पद्धतीबद्दल, दुसऱ्या परिच्छेदात बापू हेच काम करतात हा उल्लेख. आकड्यांचा खुलासाही छापला, दूध आणि क्रिकेटसकट. त्यावर बाईंशी शेवटची चकमक झाली. त्यांना भीती होती की गंभीर चित्राचा विनोद होईल. कुर्त्यातले फोटो वापरले नाहीत. टेबलाचा एक फोटो घेतला, टोपणं लावलेल्या ट्यूबा नंबरवार, मागे मुळगावकर. फिल्ममधली बासरी काढून तिथे टाकाचा कागदावरचा आवाज ठेवला.

शीर्षकं बापूंची स्वतःची. खरेदीखतात जशी चतुःसीमा लिहितात तशी : ‘पूर्वेस ओढा, पश्चिमेस वाद’. ‘दक्षिणेस चुलत भाऊ’. ‘उत्तरेस सरकारी रस्ता, तोंडी’. अख्ख्या कॅटलॉगमध्ये यापेक्षा चांगलं वाक्य मला लिहिता आलेलं नाही.

काय झालं

निम्म्याच्या आसपास चित्रं गेली. नवख्या एकल प्रदर्शनाला हे वाईट नाही, आणि शंभरच्या दराने किती गेली असती हे कळायला मार्ग नाही. एका संग्राहकाने दोन चित्रं राखून ठेवली होती; आकड्यांचा खुलासा वाचून त्यांनी सोडली. गवळ्याच्या हिशेबासाठी एवढे पैसे कसे द्यायचे, असं काहीसं ते म्हणाले. दुसरीकडे एक वयस्कर बाई दुधाचं चित्र कुठलं म्हणून शोधत आल्या आणि तेच घेऊन गेल्या. मुळगावकरांच्या कॅलेंडरबद्दल जितक्या लोकांनी विचारलं तितकं चोवीसपैकी कुठल्याही एका चित्राबद्दल विचारलं नसेल.

चित्रं लावण्याच्या रात्री एक मुलगा कामाला होता, केस बांधलेला, दोन्ही हातांवर गोंदलेलं, कानात बाळी. बापूंनी त्याच्याकडे एक नजर टाकली आणि खिशातून स्वतःची टेप काढली. प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून सारख्या उंचीवर हवा होता. पहाटे दोनपर्यंत तो लेव्हल लावून चित्रं टांगत होता आणि बापू मागून मोजत होते. शेवटी टेप खिशात घालून म्हणाले, ‘एका सुताचा फरक नाही. आमच्या खात्यात पाहिजे होता.’ चहाच्या टपरीवरचे पिकासो हे शब्द त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. मत बदललं की माझ्यासमोर बोलायचं टाळतात, ते माहीत नाही.

पण खरा परिणाम वेगळ्याच बाजूने आला. कॅटलॉगमधला दुसरा परिच्छेद बातमीदारांनी उचलला. बातम्यांचे मथळे ‘शेत मोजणाऱ्या हातांची किमया’ या वळणाचे होते. एका वाहिनीचे लोक गावी आले आणि बापूंनी रानात तिपाईवर मोजणीचं यंत्र लावून शेजारी चित्र काढत बसावं, असा त्यांचा आग्रह. बापूंनी आयुष्यात कधी रानात बसून चित्र काढलेलं नाही. वाऱ्याने कागद उडतो. वेड्या कलावंताच्या साच्यातून बाहेर काढलेला माणूस अशा रीतीने साध्यासुध्या कष्टाळू माणसाच्या साच्यात जाऊन पडला. हा साचा दिसायला सोज्वळ आहे, म्हणून त्याला नाही म्हणणं जास्त अवघड. रोज पहाटे उठतात, किती प्रामाणिक, किती साधे, असं कौतुक करणारे लोक चित्रापुढे जेमतेम अर्धा मिनिट उभे राहत होते.

कचेरीत काही दिवस चेष्टा झाली. एका पक्षकाराने खरोखरच विचारलं, साहेब, आमचा बांध चित्रात घेतलाय काय? बापूंनी त्याला कॅटलॉग दाखवून दुधाच्या हिशेबाचं पान वाचून दाखवलं. त्या खुलाशाचा हा उपयोग आम्हा कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

गॅलरीच्या करारात कमिशन, विमा, वाहतूक, फ्रेमा, सगळं होतं. चित्रकाराबद्दल काय लिहिलं आणि दाखवलं जाईल, त्याला संमती कुणाची, याबद्दल ओळही नव्हती. ती असती तर रंगाचे डाग पाडलेला कुर्ता मुंबईहून निघालाच नसता. गावाकडच्या चित्रकाराला करारात असं काही मागता येतं हेच पुष्कळदा माहीत नसतं, आणि गॅलरीला ते आपणहून लिहिण्याचं कारण नसतं.

दराची बोलणी आणि चरित्राची बोलणी एकाच बैठकीत झाली, तीही चुकीच्या क्रमाने. मसुदा आला तेव्हा १०० चा दर ठरलेला होता, त्यामुळे त्यातला प्रत्येक खोडलेला शब्द बापूंच्या खिशातून जात होता. आधी मजकूर पक्का झाला असता तर कदाचित दर ८० च राहिला असता, पण बापूंना तो दंडासारखा वाटला नसता.

नोकरीच्या उल्लेखाच्या जागेवर आमच्यात अजून एकमत नाही. बाईंचं म्हणणं, तो शेवटच्या पानावर जन्म-शिक्षणाच्या ओळींत असता तर बातमीदार तिथपर्यंत पोहोचलेच नसते. मला वाटतं, पद्धतीचं वर्णन पुरेसं होतं. शंकू-साखळीबद्दल इतकं लिहिल्यावर हा माणूस काय करतो हे ज्याला कळायचं त्याला कळलं असतं. बापू म्हणतात दोघांचंही चूक, लोकांना जे उचलायचं ते कुठूनही उचलतात.

आणि मजकूर त्यांनाच लिहायला सांगायला हवा होता. पंचनामे लिहून लिहून त्यांचं गद्य असं झालंय की त्यात विशेषण औषधालाही सापडत नाही. शीर्षकं पाहिल्यावर तरी हे आमच्या लक्षात यायला हवं होतं, पण तोवर छपाईची तारीख डोक्यावर होती.

बापू आता निवृत्त झाले आहेत. अठ्ठावन्न पूर्ण, निरोप समारंभ, नारळ, शाल. पुढचं प्रदर्शन त्याच गॅलरीत ठरलंय. या वेळी करारात मजकुराच्या संमतीचं कलम आहे, बाईंनी विनातक्रार घातलं. पहिला मसुदा आला त्यात लिहिलं होतं, ‘सेवानिवृत्तीनंतर आता पूर्णवेळ कलेला वाहून घेतलेले’. बापूंनी ती ओळ खोडून परत पाठवली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं : वेळ पूर्वीचीच, पाच ते साडेसात. त्याला बाईंचं उत्तर अजून आलेलं नाही.